कावीळ उतरली, पण विषाणू गेला का? मोठ्या माणसांच्या हिपॅटायटिस ‘बी’ची गोष्ट

गेल्या महिन्यात एम.एस्सी.च्या मुलामुलींचा एक गट आमची लॅब बघायला आला होता. फ्रीझर, सेंट्रिफ्यूज, हूड वगैरे दाखवून झाल्यावर मी सहज विचारलं, “तुमच्यातल्या किती जणांनी हिपॅटायटिस बीची लस घेतलीय?” दोन-तीन हात वर गेले, तेही अर्धवट. आणि मागून एकजण म्हणाला, “मॅडम, ती लहान बाळांना देतात ना? मोठ्या माणसाला कुठनं होणार?”

त्याचं उत्तर मी तिथे दोन मिनिटांत दिलं, पण ते नीट जमलं नाही. म्हणून हा लेख. तुम्ही पीएच.डी.साठी किंवा प्रोजेक्ट फेलो म्हणून एखाद्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये जाणार असाल, रक्ताचे नमुने हाताळणार असाल, तर हा विषय तुमच्या अभ्यासक्रमाचा नाही, तुमच्या बोटाचा आहे. त्यात आणखी एक हिशेब लक्षात घ्या. महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात ही लस साधारण २००७-०८ पासून आली आणि देशभर २०११ नंतर. त्याआधी जन्मलेल्यांना ती मिळाली असेल तर आईवडिलांनी खाजगी दवाखान्यात पैसे देऊन टोचून घेतली म्हणून. म्हणजे आज पदव्युत्तर वर्गात बसलेल्या बहुतेकांना लस मिळालीच असेल असं धरून चालता येत नाही. मला स्वतःला मिळालेली नव्हती, हे मला पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी कळलं.

सुरुवात मात्र आपल्याकडच्या एका शब्दापासून करू, कारण अर्धा गोंधळ त्या शब्दातच आहे. कावीळ.

सातारा-सांगलीकडे डोळे पिवळे दिसले की कावीळ, मग ती कशानेही झालेली असो. पिवळी कावीळ, पांढरी कावीळ, पोटातली कावीळ अशी घरगुती वर्गवारी असते, पण त्या वर्गवारीचा विषाणूंशी काही संबंध नाही. डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिनमुळे, आणि लिव्हरला त्रास देणारं काहीही ते वाढवू शकतं. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटिस ए आणि ई, रक्तातून आणि शरीरसंबंधातून येणारे बी आणि सी, दारू, काही औषधं, पित्ताचे खडे. आपल्या भागात लोकांच्या डोक्यात कावीळ म्हणजे पाणी हे समीकरण पक्कं आहे, आणि ते उगीच नाही. पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली होती. सांगली-मिरजेत घराघरात तेव्हा पाणी उकळून प्यायचं सुरू होतं, माझ्या आईने तर महिनाभर उसाचा रस बंद केला होता. त्यामुळे कुणाला कावीळ झाली की “बाहेरचं पाणी प्यायला असेल” एवढ्यावर विषय मिटतो. रक्ताचा विचार कुणी करत नाही.

माझ्या मामाचंच बघा. मामा तासगावकडे राहतात, द्राक्षबाग आहे. मी शाळेत असताना त्यांना कावीळ झाली. आधी आठवडाभर अंग मोडून आल्यासारखं, जेवण नको, मग लघवी गडद आणि डोळे हळदीसारखे. सांगली हळदीची पेठ, त्यामुळे ही उपमा घरात सगळ्यांनी यथेच्छ वापरून घेतली. मग शेजारच्या गावात रविवारी कावीळ उतरवणारे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी हाताला कसलासा पाला चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले, पाणी पिवळंधमक झालं. तीन रविवार असं केलं. मामा महिन्याभरात बरे झाले. त्या गृहस्थांचं नाव आजही आमच्याकडे आदराने घेतात.

पाणी पिवळं का होतं? आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीत हात धुतले तर माझ्याही हाताचं पाणी पिवळं होतं, मला कावीळ नसताना. साल्याचाऱ्यातल्या रंगद्रव्यांचा अल्कलीशी संयोग, बस. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे गावोगाव करून दाखवत आले आहेत. समिती उभी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, आणि डॉक्टरकी शिकले मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ही प्रात्यक्षिकं आपल्याच मातीतली आहेत. पण रंगाचं रहस्य उलगडलं तरी एक प्रश्न उरतोच, आणि संशोधक म्हणून तुम्ही तो विचारायला हवा. मामा बरे झाले ते खरंच ना? शंभर माणसं त्या गृहस्थांकडे गेली असतील तर नव्वदच्या वर बरी झाली असणार. मग औषध लागू पडलं असं लोकांनी का म्हणू नये?

कारण ती शंभर माणसं कुठेही गेली नसती तरी जवळपास तितकीच बरी झाली असती. ए आणि ई बहुतेकांत आपोआप जातात. आणि बी सुद्धा, मोठ्या माणसाला झाला तर, शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांत शरीर स्वतःच आटोक्यात आणतं. चुन्याच्या पाण्याची सगळी कीर्ती त्या पंचाण्णवांच्या टी-पेशींच्या जिवावर उभी आहे. उरलेल्यांचं काय होतं ते तीन रविवारांत दिसत नाही. ते वीस-तीस वर्षांनी दिसतं, आणि तेव्हा कुणी त्या रविवारची आठवण काढत नाही.

हे पंचाण्णव आणि पाच कुठून आले, यामागे एक विलक्षण इतिहास आहे. तो थोडा सविस्तर सांगते, कारण पाठ्यपुस्तकात त्याचं एक वाक्य होतं आणि मजा निघून जाते.

कावीळ सुईतूनही पसरते याचा पहिला नीट नोंदवलेला पुरावा जर्मनीतल्या ब्रेमेनचा. १८८३ मध्ये तिथल्या एका जहाजबांधणी कारखान्यातल्या १२८९ कामगारांना देवीची लस टोचली. त्या काळी लस म्हणजे दुसऱ्या माणसाच्या हातावरच्या फोडातला द्रव. आपल्याकडेही देवी टोचणं असंच सुरू झालं. १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलं आणि तिच्या हातावरून पुढच्यांना, तिथून पुण्याकडे, दख्खनमध्ये, हातावरून हातावर. ब्रेमेनमध्ये पुढच्या काही महिन्यांत १९१ कामगारांना कावीळ झाली. ल्यूरमान नावाच्या डॉक्टरने १८८५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्याची खुबी अशी की त्याने फक्त आजारी मोजले नाहीत. त्याच कारखान्यातले, तेच पाणी पिणारे, पण दुसऱ्या साठ्यातली लस घेतलेले कामगारही त्याने बघितले, आणि त्यांना कावीळ नव्हती. म्हणजे दोष पाण्याचा नाही, त्या विशिष्ट द्रवाचा. विषाणू हा शब्दही आजच्या अर्थाने रुळला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कंट्रोल ग्रुप का ठेवायचा असं गाईडला विचारावंसं वाटलं तर आधी ल्यूरमान आठवा.

पुढचा प्रसंग १९४२ चा, आणि आकाराने अवाढव्य. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस दिली. लस रॉकफेलर फाउंडेशनने बनवलेली, आणि ती टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला सीरम घातलेला. सीरम देणाऱ्यांत काही जण हिपॅटायटिस बीचे वाहक होते, जे तेव्हा कुणाला कळणंच शक्य नव्हतं. सुमारे ५०,००० सैनिकांना कावीळ झाली. नंतरच्या अंदाजानुसार संसर्ग झालेले एकूण ३,३०,००० च्या आसपास, म्हणजे बहुतेकांना काही लक्षणच नव्हतं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. १९८५ च्या सुमारास, म्हणजे चाळीसेक वर्षांनी, लेनर्ड सीफ आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या काही निवृत्त सैनिकांना शोधून काढलं आणि रक्त तपासलं. कावीळ झालेल्या गटातल्या जवळपास सगळ्यांत बीच्या विरोधातली प्रतिपिंडं सापडली, त्यामुळे १९४२ चा गुन्हेगार बी होता हे पक्कं झालं. पण विषाणू अजून अंगात बाळगणारे? ०.२६ टक्के. तीन-चारशे माणसांत एक. धडधाकट तरुण पुरुषाला बी झाला तर तो बहुतेकदा टिकत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. असा प्रयोग मुद्दाम कुणी करू शकला नसता, आणि करूही नये.

करू नये म्हणते, पण कुणीतरी केला. न्यूयॉर्कमध्ये विलोब्रुक नावाची बौद्धिक अपंग मुलांची निवासी शाळा होती. तिथे १९५६ पासून सॉल क्रुगमन यांनी मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसचा संसर्ग दिला. युक्तिवाद असा की तिथल्या गर्दीत आणि घाणीत त्यांना तो तसाही होणारच होता. त्या अभ्यासातून हिपॅटायटिसचे दोन वेगळे प्रकार आहेत, एकाने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही, हे १९६७ मध्ये स्पष्ट झालं. ए आणि बी ही नावं मॅकलम यांनी १९४७ मध्येच सुचवली होती, पुरावा हा मिळाला. आईवडिलांची संमती घेतली होती, पण मुलाला दाखल करायला दुसरी जागा नसलेल्या पालकाची संमती किती खरी? एथिक्स कमिटीचा फॉर्म भरताना आपण सगळेच कंटाळतो. मीही कंटाळते. त्यातल्या ‘असुरक्षित गट’ या रकान्यामागे विलोब्रुकसारख्या जागा आहेत, एवढंच.

याच सुमारास विषाणू सापडला, तोही भलतंच शोधताना. बरूक ब्लमबर्ग हे रक्तातल्या प्रथिनांमधला माणसामाणसांतला फरक अभ्यासत होते. हिमोफिलियाच्या रुग्णांना अनेकदा रक्त दिलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या सीरममध्ये परक्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं असणार, असा विचार. अशाच एका रुग्णाच्या सीरमने ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या सीरमबरोबर अगारच्या जेलमध्ये एक रेघ उमटवली. त्या अनोळखी प्रथिनाला नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. १९६५ मध्ये शोधनिबंध आला, पण हे प्रथिन नेमकं कशाचं हे त्यात नव्हतं. १९६७ मध्ये त्यांच्याच लॅबमधली तंत्रज्ञ बार्बरा वर्नर आजारी पडली. तिने स्वतःचं रक्त तपासलं, तर आधी निगेटिव्ह असलेली चाचणी आता पॉझिटिव्ह. थोड्याच काळात कावीळ. रक्ताचे नमुने हाताळणारी एक तरुण संशोधक, आणि तिचा संसर्ग हाच शोधाचा एक दुवा. आज ज्याला आपण एचबीएसएजी म्हणतो ते हेच अँटिजेन. १९७० मध्ये डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण विषाणू दाखवला, १९७६ मध्ये ब्लमबर्गना नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

मघाशी रॉकफेलर फाउंडेशनचं नाव आलं. त्याच संस्थेच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, एनआयव्ही. कावीळ म्हणजे एक नव्हे, हे भारतापुरतं सिद्ध करण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं सांडपाणीमिश्रित पाणी नळाला आलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. सगळ्यांनी ती ए समजली. पण त्या वेळचे सीरमचे नमुने जपून ठेवले होते. चाचण्या उपलब्ध झाल्यावर ते तपासले, तर ए-ही नाही आणि बी-ही नाही. पुण्याच्या डॉ. खुर्शेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर हे १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. पुढे त्या तिसऱ्याला ई नाव मिळालं. पंचवीस वर्षं जुन्या कुप्यांनी हे काम केलं. तुमच्या लॅबमधला मायनस ऐंशीचा फ्रीझर साफ करताना लेबल पुसलेली कुपी फेकण्याआधी एकदा विचार करा, आणि मुळात लेबल नीट लिहा.

आता मोडासा. माझ्या मते प्रत्येक जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे गाव माहीत हवं. गुजरातच्या तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातलं हे शहर. २००९ च्या सुरुवातीला तिथे काविळीचे रुग्ण वाढू लागले. साथीच्या काविळीत पहिला संशय पाण्यावर. पण इथे रुग्णांच्या रक्तात बी सापडला, शेकडो जणांत, आणि मृत्यूंचं प्रमाण नेहमीच्या बीपेक्षा भयंकर जास्त. डझनावारी माणसं गेली. एनआयव्हीच्या डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी या साथीचा अभ्यास केला. नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंज हा पसरण्याचा मार्ग निघाला, आणि विषाणूच्या प्रीकोर व बेसल कोर प्रमोटर या भागांत असे बदल सापडले ज्यांचा तीव्र आजाराशी संबंध लागतो. रुग्ण डॉक्टरकडे बरं व्हायला गेले होते. तिथे दुसऱ्याचा विषाणू घेऊन आले.

मोडासा पुष्कळ लांब आहे असं वाटत असेल तर घरी आजी-आजोबांना विचारा. स्टीलच्या डब्यात, स्टोव्हवर, उकळत्या पाण्यात ठेवलेली काचेची सिरिंज त्यांनी पाहिलेली आहे. नीट वीस मिनिटं उकळली तर बी मरतो. पण दवाखान्यात वीस माणसं बसलेली, उसाच्या हंगामात तोडणीची टोळी आलेली, प्रत्येकाला “सुई मारा, उद्या कामावर जायचंय” अशी घाई. मग गरम पाण्यात बुडवून काढली की झालं, किंवा सुई बदलली पण नळी तीच. प्लॅस्टिकच्या सिरिंज आल्या तरी त्या एकदाच वापरायच्या हे सगळीकडे पाळलं गेलं असं नाही. २००० नंतरच्या दशकातल्या देशव्यापी पाहणीत भारतातली साठ टक्क्यांहून अधिक इंजेक्शनं असुरक्षित ठरली होती. आणि ती बरीचशी तापा-खोकल्यासाठी, जिथे इंजेक्शनची गरजच नव्हती. गोळीने काम होत असताना सुईचा आग्रह धरणारे आपण, म्हणजे दोष फक्त सुई मारणाऱ्याचा नाही.

सुईशिवायचे मार्गही सांगते. शरीरसंबंध हा मोठ्या माणसांतला महत्त्वाचा मार्ग आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं. विशेष म्हणजे ज्या जिल्ह्याने एचआयव्हीबद्दल सर्वांआधी बोलायला सुरुवात केली त्यात सांगली आहे. ‘संग्राम’ ही संस्था १९९२ पासून इथे वेश्याव्यवसायातल्या महिलांबरोबर काम करते आहे, आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा, कराडच्या ढाब्यांशेजारी एड्सचे फलक बघत आम्ही मोठे झालो. बी त्याच रस्त्याने प्रवास करतो, आणि एचआयव्हीपेक्षा पन्नास ते शंभर पट सहज लागतो, पण त्याचा फलक मी एकही पाहिला नाही. निरोध दोघांनाही अडवतो.

मग गोंदण. मांढरदेवच्या किंवा पालीच्या जत्रेत एकाच सुईने आणि एकाच शाईने रांगेतल्या सगळ्यांचे हात गोंदलेले असतील तर हिशेब तुम्हीच करा. आता जत्रेऐवजी कॉलेजजवळचा टॅटू स्टुडिओ आला, प्रश्न तोच आहे. न्हाव्याकडचं न बदललेलं ब्लेड, घरातला सामाईक रेझर, डायलिसिस, आणि रुग्णालयातल्या नर्स, सफाई कामगार आणि लॅब तंत्रज्ञ यांना टोचणारी वापरलेली सुई. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही बाहेर किमान सात दिवस टिकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता ६ ते ३० टक्के, हिपॅटायटिस सीसाठी ती दोनेक टक्के आणि एचआयव्हीसाठी ०.३ टक्के. आपण तिघांत सर्वांत कमी घाबरतो तो सर्वांत पुढे आहे.

आणि याने पसरत नाही तेही ऐका: एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, पाण्याने, डासाने. पॉझिटिव्ह माणसाचं ताट-तांब्या वेगळं करणारी घरं मला माहीत आहेत. त्याचा उपयोग शून्य, आणि त्या माणसाची जी अवस्था होते ती बघवत नाही.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. पंचाण्णव जणांत जातो आणि पाच जणांत राहतो, असं का?

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा: हा विषाणू लिव्हरच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. तो पेशीत शिरतो (कोणत्या दारातून, ते दार म्हणजे एनटीसीपी नावाचा पित्तक्षार वाहून नेणारा रिसेप्टर, हे थेट २०१२ मध्ये कळलं), केंद्रकात जातो, आणि तिथे स्वतःच्या डीएनएचं एक बंद वर्तुळ करून ठेवतो. पेशी जगतेय तोवर ते वर्तुळ तिथे. लिव्हरची जी नासधूस होते ती आपल्या प्रतिकारशक्तीने केलेली. बाधित पेशी ओळखून टी-पेशी त्यांना मारतात, एंझाइम रक्तात सांडतात, डोळे पिवळे होतात. म्हणजे कावीळ ही लढाईची खूण आहे. मोठ्या माणसाला जोरदार कावीळ झाली तर (ती लिव्हर निकामी करण्याइतकी वाढली नाही तर) तो विषाणू आटोक्यात आणण्याची शक्यता उलट चांगली. ज्याला काहीच झालं नाही, ज्याच्या शरीराने विषाणूकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याच्यात तो राहून जाण्याची भीती जास्त.

हे तत्त्व धरलं की वयाचं गणित उलगडतं. आईकडून जन्मावेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांत तो कायमचा राहतो. बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकतेय, त्यात विषाणूचं ई-अँटिजेन तिला गाफील ठेवण्यात हातभार लावतं असं मानतात. भांडण नाही, म्हणून कावीळही नाही, आणि कुणाला पत्ताही नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण पाव ते निम्म्यापर्यंत. मोठ्यांत पाच टक्क्यांच्या आत. त्या पाच टक्क्यांत कोण येतात? एचआयव्ही असलेले, डायलिसिसवरचे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, आणि काही असे ज्यांचं कारण सहज दाखवता येत नाही. सहा महिन्यांनंतरही रक्तात एचबीएसएजी सापडलं तर त्याला दीर्घकालीन संसर्ग म्हणतात. भारतात लोकसंख्येच्या दोन ते चार टक्क्यांत तो आहे, आणि यांतल्या बहुतेकांना तो बालपणीच लागलेला आहे. “मोठ्यांना कुठनं होणार” म्हणणाऱ्या त्या मुलाचा अंदाज त्यामुळे अर्धा बरोबर होता: वाहक बहुतेक बालपणी तयार होतात. पण मोठ्यांना लागतो तोही त्याच वाहकांच्या रक्तातून.

वाहक असणं म्हणजे काय, हे तैवानमध्ये पामर बीस्ली यांनी दाखवलं. २२,७०७ पुरुष सरकारी नोकरांचा पाठपुरावा केला, आणि १९८१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांत एचबीएसएजी पॉझिटिव्ह माणसांना लिव्हरच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पट निघाला. सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंधही इतका घट्ट नाही. तैवानने १९८४ मध्ये नवजात बालकांना लस सुरू केली ती या भीतीनेच. आपल्याकडे लस बराच काळ आयातीची आणि महाग होती. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस आणली तेव्हा ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

परत मामांकडे येते. पीएच.डी.ला लागल्यावर लॅबमध्ये रुजू होताना लसीचा पुरावा मागितला, माझ्याकडे नव्हता. तपासणी करून घेतली, निगेटिव्ह आली, लस सुरू केली. त्या उत्साहात घरच्या सगळ्यांचीही तपासणी करवली. मामा म्हणाले, “मला कशाला? माझी कावीळ तर कधीच उतरलीय.” त्यांचा रिपोर्ट असा: एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह, अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह.

हा रिपोर्ट वाचायला शिका, मुलाखतीत विचारतात. अँटी-एचबीएस हे लसीनेही तयार होतं आणि संसर्गानेही. अँटी-एचबीसी मात्र विषाणूच्या गाभ्याविरुद्धचं, आणि लसीत गाभा नसतोच, त्यामुळे ते सापडलं म्हणजे खरा विषाणू कधीतरी येऊन गेला. मामा पंचाण्णवांतले. ती शाळेतल्या वेळची कावीळ बीचीच होती का? हे या रिपोर्टवरून सिद्ध होत नाही. बी आधी कधीतरी मुकाट्याने येऊन गेला असेल आणि ती कावीळ ईची असेल, असंही असू शकतं. तेव्हाचं रक्त कुणी ठेवलेलं नाही. आमच्या मामांकडे दिल्लीसारख्या जपलेल्या कुप्या नाहीत, चुन्याचं पाणी तेवढं होतं, तेही ओतून टाकलं.

आणि शीर्षकातला प्रश्न. विषाणू गेला का? रक्तातून गेला. पण ते डीएनएचं बंद वर्तुळ लिव्हरच्या काही पेशींत बहुधा अजून असतं, टी-पेशींच्या पहाऱ्यात. पहारा उठला, म्हणजे कर्करोगाची केमोथेरपी किंवा रिटुक्सिमॅबसारखं औषध सुरू झालं, की तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून अशा उपचारांआधी अँटी-एचबीसी तपासतात. आज जी औषधं आहेत, टेनोफोव्हिर वगैरे, ती विषाणूची वाढ रोखतात, वर्तुळ काढून टाकत नाहीत. ते काढणारं औषध अजून कुणाकडे नाही. पीएच.डी.साठी विषय शोधत असाल तर इथे जागा आहे.

तुमच्यासाठी कामाचं एवढं. लॅबमध्ये जाण्याआधी एचबीएसएजी तपासा. निगेटिव्ह असाल तर लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजा, १० मिली-आंतरराष्ट्रीय एककं प्रतिमिलिलिटरच्या वर हवं. सुई टोचली तर पिळत बसू नका, साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी कळवा, लस आणि इम्युनोग्लोब्युलिन जितक्या लवकर तितकं बरं. पॉझिटिव्ह आलात तर घाबरून घरी बसू नका. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि प्रत्येक पॉझिटिव्हला लगेच औषध लागतंच असंही नाही, ते डीएनएचं प्रमाण आणि लिव्हरची अवस्था बघून ठरतं. एका ओळखीच्या मुलाला गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरानंतर पत्र आलं, त्याने ते वर्षभर दप्तरात लपवून ठेवलं होतं. लग्न ठरणार नाही म्हणून. होणाऱ्या जोडीदाराने लस घेतली की संरक्षण मिळतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मामांना लसीची गरज नाही. त्यांच्या फाइलवर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: “केमो किंवा स्टेरॉइड सुरू करण्याआधी हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवणे.” ते हसले, आणि फाइल द्राक्षाच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवून दिली.